अपंगत्वाची पेन्शन : मावळात नकारानंतर दाद कुठे मागायची

लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे. 15 फेब्रुवारी 1945 पासून नौदलाला इंजिनिअर आणि तंत्रज्ञ पुरवणारी ही संस्था, आणि तिच्या शेजारी नौदलाचं कस्तुरी रुग्णालय. घाटमाथ्यावरून पुण्याकडे निघालं की तळेगावला सीआरपीएफचं ग्रुप सेंटर लागतं, लष्कराचा ऑर्डनन्स डेपो लागतो, आणि नवलाख उंबरे, आंबीकडे पसरलेली एमआयडीसी. या सगळ्याच्या दोन्ही अंगांना अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातली इंद्रायणी भाताची गावं. एका घरातला थोरला नौदलात, मधला प्रेसशॉपवर आणि धाकटा शेतावर, असं इथे सहज आढळतं. तिघांपैकी कुणाचाही उजवा हात कायमचा निकामी झाला तर त्याला दरमहा काही रक्कम मिळण्याचा मार्ग कायद्याने ठेवला आहे. पण तिघांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि अर्ज फेटाळला गेला तर अपिलाची ठिकाणंही वेगळी.

अशी अपिलं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. माणूस त्यात आपलं दुखणं सांगतो. चालता येत नाही, घरात कमावणारं कुणी नाही, मुलं लहान आहेत. हे सगळं खरं असतं, आणि बहुतेक वेळा अपिलाच्या दृष्टीने गैरलागू असतं. कारण नकार दुखण्यावर दिलेलाच नसतो. सैनिकाला सांगितलेलं असतं की आजार आहे, पण तो नोकरीमुळे झालेला नाही. कामगाराला सांगितलेलं असतं की बोट गेलं, पण ते कामावर गेल्याची नोंद नाही. शेतकऱ्याला सांगितलेलं असतं की अपंगत्व आहे, पण टक्के कमी आहेत किंवा उत्पन्न जास्त आहे. ज्या मुद्द्यावर नकार आला त्या मुद्द्याला उत्तर न देणारं अपील कितीही कळवळून लिहिलं तरी फेटाळलं जातं, आणि दोष अर्जदाराच्या नशिबावर ढकलला जातो. मला याची चीड येते, कारण यातले पुष्कळ दावे कायद्याने मिळण्याजोगे असतात.

सैनिकाच्या बाबतीत कायदा सर्वांत उदार आहे आणि नकारही सर्वांत जास्त तिथेच गाजतात. नोकरी संपताना किंवा आजारामुळे घरी पाठवताना मेडिकल बोर्ड बसतं, मग ते मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात असो की पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात. बोर्डाच्या फॉर्मवर ठरलेले प्रश्न असतात. हा आजार भरतीच्या आधीपासून होता का? नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे वाढला का? नसेल तर कारण काय? आणि शेवटी, अपंगत्व किती टक्के? पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात : आजार किंवा इजा नोकरीमुळे झालेली अथवा वाढलेली असणं, आणि टक्केवारी निदान 20 असणं. टक्केवारीवरून वाद होतात, पण दावे बुडतात ते पहिल्या अटीवर. फॉर्मच्या त्या रकान्यात ‘एन-ए-एन-ए’ असं लिहून येतं, म्हणजे नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. कारणाच्या जागी बरेचदा एकच ओळ : आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला, सीमेवरच्या किंवा उंचावरच्या तैनातीशी जवळचा संबंध दिसत नाही. लोणावळ्यासारख्या ठिकाणी नेमणूक असताना ज्याचा रक्तदाब वाढला किंवा ज्याला फिट्स येऊ लागल्या, त्याच्या कागदावर ही ओळ येणार हे जवळपास ठरलेलंच.

आता मूळ नियम काय होता ते पाहू; सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांच्या नव्या नियमांकडे पुढे येऊ. 1982 च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी जो आजार नोंदला गेला नाही तो माणसाला नव्हता असंच धरायचं. पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला घरी पाठवलं, तर त्याची प्रकृती नोकरीमुळे बिघडली असं गृहीत धरायचं. सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यायचा. भरतीच्या तपासणीत हा आजार कळून येणं शक्यच नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं बोर्डाने लिहून द्यायची.

इतकं स्पष्ट असूनही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा लागला. धरमवीर सिंग हे सिग्नल्सचे जवान 1985 मध्ये भरती झाले. साधारण नऊ वर्षांनी फिट्सच्या आजारामुळे त्यांना बोर्डाने घरी पाठवलं, अपंगत्व 20 टक्के, आणि शेरा असा की आजार उपजत प्रकृतीचा, नोकरीशी संबंध नाही. भरतीच्या कागदावर मात्र अशा आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणही दिलं नव्हतं. 2 जुलै 2013 च्या निकालाने न्यायालयाने त्यांना पेन्शन दिली आणि नियमांचा अर्थ असा उलगडून सांगितला की तेव्हापासून देशातल्या जवळपास प्रत्येक अपिलात हा निकाल असतो. 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात हीच भूमिका कायम राहिली. 2025 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मतावर नकार उभा राहू शकत नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्राच्या युक्तिवादालाही हात घातला : नेमणूक सीमेवर नव्हती एवढ्यावरून नोकरीच्या ताणाचा संबंध नाकारता येत नाही.

याची दुसरी बाजूही वाचकाने लक्षात ठेवली पाहिजे, नाहीतर अपील भाबडं होतं. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मानसिक आजाराच्या प्रकरणात पेन्शन नाकारली. असा आजार भरतीच्या धावत्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो नोकरीने दिला असं म्हणता येणार नाही, असं तिथे ठरलं. म्हणजे धरमवीर सिंग निकालाचं नाव अर्जात टाकलं की काम झालं, असं नाही. बोर्डाने कारण दिलं आहे का, दिलं असेल तर ते या माणसाच्या या आजाराला लागू पडतं का, की सगळ्यांच्या कागदावर उमटणारं छापील वाक्य आहे, हे तपासून लिहावं लागतं. त्यासाठी बोर्डाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत हातात हवी. ती मिळाली नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. माझ्या मते अपिलाचा निम्मा निकाल या प्रतीत असतो, आणि नेमकी तीच बहुतेकांकडे नसते. त्यांच्याकडे असतं ते नकाराचं एक पानी इंग्रजी पत्र, आणि त्यातली संक्षेपाक्षरं गावात कुणालाच लागत नाहीत.

अपघाताचा हिशेब निराळा. कामावर असताना इजा झाली तर चौकशी होते, इजेचा अहवाल बनतो आणि प्रश्न फारसा उरत नाही. अडचण सुट्टीतल्या अपघाताची. रजेवर घरी आलेला मुलगा कामशेतजवळ जुन्या हायवेवर मोटारसायकलवरून पडला आणि पाय गेला, तर मन म्हणतं की पेन्शन मिळायला हवी. न्यायालयं इथे कठोर आहेत. रजेतल्या खासगी कामात झालेल्या अपघाताचा लष्करी सेवेशी काही संबंध दाखवावा लागतो, आणि 2011 च्या जुझार सिंग प्रकरणात तो न दाखवता आल्याने दावा गेला. उलट 1999 च्या मदन सिंग शेखावत प्रकरणात नैमित्तिक रजेवर घरी निघालेला जवान रेल्वेतून उतरताना जखमी झाला होता, त्याला न्यायालयाने पेन्शन दिली. प्रवास नोकरीच्या ठिकाणाहून घरापर्यंतचा होता की घरी पोचल्यावरचा, यावर इतकं अवलंबून असतं. म्हणून रजेचा पास, तिकीट, रेल्वे पोलिसांची किंवा चौकीची नोंद हे कागद त्याच आठवड्यात जमा करून ठेवावेत. दहा वर्षांनी ते कुणी देत नाही.

नकार आल्यावर वाट अशी. पहिलं अपील विभागातच, साधारण सहा महिन्यांच्या आत. कुणाकडे करायचं ते नकाराच्या पत्रात लिहिलेलं असतं. त्यावर दुसरं विभागीय अपील. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने आलेलं हे न्यायाधिकरण 2009 पासून चालू आहे आणि महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. विभागाने अपिलावर सहा महिन्यांत निर्णयच दिला नाही तर वाट पाहत बसण्याची गरज नाही, न्यायाधिकरणात जाता येतं. न्यायाधिकरणाचा निकालही विरुद्ध गेला तर पुढचं दार मधली काही वर्षं बंद झाल्यासारखं झालं होतं. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडलं, त्यामुळे उच्च न्यायालयात रिट करता येते. मावळच्या निवृत्त सैनिकाला मुंबई उच्च न्यायालय हे दिल्लीपेक्षा केव्हाही जवळचं.

उशीर झालेल्यांनी घरी बसू नये. 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात सोळा वर्षांनी केलेला अपंगत्व पेन्शनचा दावा होता. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय चालूच राहतो आणि दावा मरत नाही, असं न्यायालयाने मानलं. मात्र थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे हक्क टिकतो, पैसा जातो.

पैशाचं गणितही एकदा मांडून पाहावं. पूर्ण, म्हणजे 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो, कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. हिशेबात धरायचा पगार 40,000 रुपये असेल तर 20 टक्के अपंगत्वाचे होतात 2,400. पण 50 च्या खालची टक्केवारी 50 धरायची अशी तरतूद आहे, 50 च्या पुढची 75 पर्यंत 75, आणि त्यावरची 100. त्या हिशेबाने हेच 2,400 रुपये 6,000 होतात. आधी हा फायदा फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होता. राम अवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो दिला आणि सरकारची शेकडो अपिलं एकदम निकाली निघाली. ज्यांना जुन्या टक्क्याने पेन्शन चालू आहे त्यांचा नकार तर कागदावर कधी आलेलाच नसतो. अशांनी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपला पेन्शनचा आदेश एकदा दाखवून घ्यावा.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीच्या आसपास आहे. जोखीम जवानाची जास्त, मग हे प्रमाण उलटं कसं, हा प्रश्न रास्तच आहे. त्याच वर्षी 21 सप्टेंबरपासून नवे पात्रता नियम आले आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू आहेत. गैरफायदा रोखणं हा त्यामागचा सांगितलेला हेतू. पण कडक नियमाचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याला फॉर्म भरता येतो, डॉक्टरांशी बरोबरीने बोलता येतं, वकील परवडतो, त्याला नाही. खुद्द संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती ती खटले कमी करण्यासाठी, आणि अपंग सैनिकांविरुद्ध सरकारनेच वरच्या न्यायालयात अपिलं करत राहणं हा त्या समितीपुढचा ठळक विषय होता. ती दिशा बरोबर होती असं मला ठामपणे वाटतं.

तळेगावच्या सीआरपीएफमधल्या जवानाने वरचं सगळं वाचून मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला तर तो परत येईल. ते न्यायाधिकरण लष्कर, नौदल आणि वायुदलासाठी आहे. निमलष्करी दलांना केंद्रीय मुलकी नियम लागतात आणि दाद थेट उच्च न्यायालयात. ऑर्डनन्स डेपोतला मुलकी कर्मचारी जातो तो केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात. एकाच गावातल्या तिघांना तीन पत्ते, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेलं वर्ष मुदतीतून आपोआप वजा होत नाही.

मधल्या भावाकडे येऊ. प्रेसखाली बोट जाणं ही तळेगाव-चाकण पट्ट्यातली नित्याची इजा. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, व्यवस्थेत प्रत्येक बोटाचा आणि पेराचा दर ठरलेला आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिची दोन पेरं गेली तर 11, एक पेर 9, आणि हाड शाबूत राहून फक्त टोक छाटलं गेलं तर 5. मधलं बोट 12. करंगळी किंवा अनामिका 7. रक्कम काढतात ती सरासरी मजुरीच्या 90 टक्क्यांवर. महिना 15,000 रुपयांच्या हिशेबाने 90 टक्के म्हणजे 13,500, आणि तर्जनीचे 14 टक्के म्हणजे 1,890 रुपये दरमहा, हयातभर, पुढे दुसरीकडे नोकरी लागली तरी. आता त्याच बोटाला 14 ऐवजी 9 टक्के लावले तर 1,215 होतात. कागदावर हा एका पेराचा फरक, पण चाळीस वर्षांत तो तीन लाखांच्या वर जातो. म्हणून मेडिकल बोर्डाच्या निर्णयाची प्रत आणि हाताचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहावेत. नेमकं कुठून छाटलं गेलं आहे ते एक्स-रेमध्ये दिसतं. उरलेलं बोट वळत नसेल, पकड जात असेल, तर हाताच्या डॉक्टरांचं तसं लेखी मत जोडावं.

बोर्डाच्या टक्केवारीवर मेडिकल अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा त्यानंतरच्या अपघातांच्या अर्जात कलमं नव्या संहितेतली लागतील. पण कामगाराचा दावा टक्केवारीपर्यंत पोचतच नाही, अशीच प्रकरणं जास्त. ठेकेदाराने नाव ईएसआयला चढवलेलं नसतं, अपघाताचा अहवाल पाठवलेला नसतो, कामगाराला आधी खासगी दवाखान्यात नेऊन ‘घरी पडला’ असं लिहून घेतलेलं असतं. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडू नये, महामंडळाने लाभ देऊन पैसे मालकाकडून वसूल करावेत, ही तरतूद जुन्या 1948 च्या कायद्यातच होती. हजेरीचा कागद, गेटपास, सुपरवायझरचे मोबाइलवरचे संदेश, पहिल्या दवाखान्याचा केसपेपर, यांवर असा दावा उभा राहतो. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही 2010 पासून कामावरचाच धरला जातो, हे लोकलने जाणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसतं. ज्यांचा पगार 21,000 च्या वर आहे ते ईएसआयबाहेर पडतात. त्यांना मासिक रक्कम मिळत नाही, एकरकमी भरपाई मिळते : 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अपघातांना कर्मचारी भरपाई कायद्याखाली, नंतरच्यांना नव्या संहितेखाली.

धाकट्याची वाट वडगाव मावळच्या तहसील कचेरीतून जाते. 1980 पासून चाललेली संजय गांधी निराधार अनुदान योजना दिव्यांगांसाठी निदान 40 टक्के अपंगत्व आणि वर्षाला 50,000 रुपयांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न मागते. रक्कम बरीच वर्षं तुटपुंजी होती. 2023 मध्ये ती 1,500 झाली. जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी ही रक्कम वाढावी म्हणूनही गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, सप्टेंबरात दिव्यांगांसाठी 2,500 चा निर्णय झाला. खरं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच म्हटलं आहे की अशा योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा निदान 25 टक्क्यांनी जास्त असावी. जे कायद्यात नऊ वर्षं लिहिलेलं होतं त्यासाठी माणसांना उपाशी बसावं लागलं.

इथे नकाराची दोन मुळं असतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. टक्केवारी कमी लागली असेल तर तहसीलदारांकडे भांडून उपयोग नाही. ती औंधच्या जिल्हा रुग्णालयात, ससूनमध्ये किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात ठरलेली असते, आणि तिच्याविरुद्ध त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील आहे. दाखला नाकारला तर कारण लेखी कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. उत्पन्नावरून किंवा कागदांच्या त्रुटीवरून प्रकरण नामंजूर झालं असेल तर मात्र रुग्णालयात फेऱ्या मारणं व्यर्थ. तिथे तलाठ्याचा अहवाल कशावर आधारला आहे ते पाहायचं. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट सामाईक नावं असली की सगळी जमीन अर्जदाराच्या माथी मारली जाते. पुण्याजवळच्या या तालुक्यात जमिनीचे भाव भडकलेले, त्यामुळे दोन गुंठ्यांचा धनीसुद्धा कागदावर श्रीमंत दिसतो. पण योजना उत्पन्न विचारते, जमिनीचा बाजारभाव विचारत नाही. अपिलात हिश्श्याचं क्षेत्र आणि त्यात निघणारं भात लिहावं.

या खिडकीवरचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे तोंडी नकार. ‘तुमचं बसत नाही’ एवढं ऐकून पवन मावळातली बाई परतीची एसटी पकडते. तिच्या नावावर कुठेही काही नोंदलं जात नाही, म्हणून अपीलही होत नाही. अर्ज द्यायचाच, त्याच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असलेल्या सेवा नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं पद लेखी कळवावं लागतं, आणि पहिलं अपील 30 दिवसांत करायचं असतं. दिव्यांगांसाठीचं राज्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथेही तक्रार करता येते.

वकिलाचा खर्च नको म्हणून पुष्कळ जण इथवर येऊन थांबतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अपंग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला वकील फुकट मिळतो, आणि त्यासाठी आधी त्याचं उत्पन्न तपासण्याची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा तो वडगावच्या न्यायालयात. सोबत नकाराचं पत्र, बोर्डाची किंवा रुग्णालयाची संपूर्ण कागदपत्रं आणि नकार हातात पडल्याच्या तारखेचा पुरावा न्यावा, म्हणजे टपालाचं पाकीट. मुदत त्या तारखेपासून मोजतात.